पाडव्याआधीचा चैत्र

कमलेश मढवीने नाक्यावर फ्लेक्स लावला तेव्हा त्याच्या मुलीचा प्रबंध अजून छापायलासुद्धा गेला नव्हता. बाजारात तुरी म्हणतात त्यातला प्रकार. पण धीर नावाची वस्तू कमलेशला देवाने दिलीच नव्हती, आणि ठाण्यात खोपटला फ्लेक्स छापणारा त्याचा शाळासोबती निघाला. 'गावची शान, समुद्रशास्त्रज्ञ कु. ऋतिका कमलेश मढवी यांनी लावला पंढरी लाटेचा शोध. हार्दिक अभिनंदन.' मधोमध ऋतिकाचा दहावीतला फोटो, बाजूला फेटा बांधलेले तिचे आजोबा पंढरी, खाली निळ्या लाटा, त्या लाटांत उगाचच दोन डॉल्फिन, आणि तळाला अकरा शुभेच्छुकांचे चेहरे. त्या अकरांतल्या एकालाही ही लाट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

हे गाव ठाण्याच्या पूर्वेला, खाडीच्या काठी. गाव आता नावापुरतंच. मिठागरं बंद पडली, भातशेती गेली, मढवींच्या शेतावर 'पंढरी हाइट्स' उभी राहिली आणि मढवी तिच्या नवव्या मजल्यावर राहायला गेले. इथल्या लोकांना जमिनीने श्रीमंत केलं हे खरं, पण रोज उठून करायचं काय, ते मात्र तिने सांगितलं नाही. कमलेश फ्लेक्स लावायचा. पंढरी गॅलरीत बसून खाडीकडे बघायचा.

ऋतिका अठ्ठावीस वर्षांची. सहा वर्षं ती मुंबईतल्या एका संस्थेत समुद्राच्या तापमानावर पीएच.डी. करत होती. फेब्रुवारी ते मे आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी कसंकसं तापत जातं, आणि संगणकातला समुद्र, ज्याला मॉडेल म्हणतात, तो खऱ्या समुद्रासारखा वागतो की नाही, हे ती तपासत होती. हे पाणी किती तापतं त्यावर पुढच्या पावसाचं बरंच काही अवलंबून असतं, म्हणून ही उठाठेव. अडचण एवढीच, की उपग्रह अलीकडचे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी इथलं पाणी किती गरम होतं ते सांगायला कोणी नव्हतं. जहाजं मोजमाप करत जायची ती दूर, खोल समुद्रात. काठाची चौकशी कोण करणार?

ती केली होती पंढरीने. तो मिठागरावर मुकादम होता. मालकाने त्याला पितळी नळीतला एक थर्मामीटर दिला होता, कारण खारं पाणी किती घट्ट झालं ते मोजताना ते किती गरम आहे हेही बघावं लागतं. पंढरी शिकलेला चौथीपर्यंत, पण सांगितलेलं काम इमानाने करणारा. भरतीचं पाणी आत घ्यायचं जे दार, ज्याला उघाडी म्हणतात, तिथे रोज सकाळी तो पाण्याचं तापमान बघायचा आणि वहीत लिहायचा. सदुसष्ट सालापासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत, प्रत्येक हंगामाला एक वही. पुठ्ठ्यावर मालकाच्या कारकुनाने इंग्रजी साल टाकलेलं, आत मात्र सगळी तिथी. माघ शुद्ध तीज, पाणी पंचवीस. फाल्गुन वद्य नवमी, पाणी अठ्ठावीस. भरती तिथीने येते, तारखेने नाही, तेव्हा मिठागरावरच्या माणसाने तारीख लिहायची कशाला?

दोन वर्षांपूर्वी घर बदलताना या बावीस वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेत सापडल्या, आणि ऋतिका आनंदाने रडली होती. असा खजिना जगात कुठल्या विद्यार्थ्याच्या घरात निघतो? तिने पानन् पान मोबाइलवर टिपलं, आकडे संगणकात भरले. तिथीची तारीख करून देणारा एक फुकटचा प्रोग्रॅम नेटवर मिळाला, तो चालवला. काही पानांवर आकड्यांऐवजी नुसत्या उभ्या रेघा होत्या. ते कामगारांच्या हजेरीचं काहीतरी असावं असं समजून तिने ते दिवस 'नोंद नाही' म्हणून सोडून दिले. आणि मग पडद्यावर ती लाट उमटली.

दर पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात पाणी दीड अंशाने तापत होतं आणि अमावास्येनंतर पुन्हा उतरत होतं. एका वर्षी नव्हे, बावीसही वर्षं. कुठल्याच मॉडेलमध्ये असं काही नव्हतं. म्हणजे सगळ्या जगाची मॉडेलं जे विसरली होती ते एका मुकादमाच्या वहीत होतं. ऋतिकाने त्या लाटेला आजोबांचं नाव दिलं, प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण तिच्यावर लिहिलं, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन ती पंढरीपुढे बसली.

"आजा, ही बघ. ही तुझी लाट."

ऐंशी वर्षांच्या पंढरीने चष्मा लावला, पडद्यावरची वरखाली जाणारी रेघ पुष्कळ वेळ पाहिली, आणि म्हणाला, "असंल."

त्या 'असंल'मध्ये काय होतं ते ऋतिकाने तेव्हा विचारलं नाही. ती फार खुशीत होती, आणि खुशीत माणसाला कमी ऐकू येतं.

*

प्रबंध देण्याआधी संस्थेच्या समितीपुढे सगळं काम मांडावं लागतं. ती तारीख दहा दिवसांवर आली होती. ऋतिकाची नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि ती महिनाअखेर संपत होती. म्हणजे या दहा दिवसांत प्रकरण पार पडलं तर पदवी, नाहीतर पुन्हा अर्ज, विनवण्या, आणि मिळालीच तर आणखी सहा महिन्यांची खोटी.

तिच्या मार्गदर्शक रसिका प्रधान. संस्थेतून निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, नौपाड्यात राहणाऱ्या, बोलायला हळू आणि तपासायला कडक. त्यांनी तिला रविवारी सकाळी घरी बोलावलं, चहा दिला, आणि प्रकरणाच्या कागदांवर पेन्सिल ठेवून विचारलं,

"ऋतिका, उधाण पौर्णिमेलाही येतं आणि अमावास्येलाही येतं. बरोबर?"

"हो मॅडम."

"मग तुझं पाणी फक्त पौर्णिमेनंतरच का तापतं?"

ऋतिकाने तयारीतलं उत्तर दिलं. पौर्णिमेची आणि अमावास्येची भरती सारखी नसते, दिवसाची आणि रात्रीची भरती कमीजास्त असते, उघाडी उघडण्याची वेळ बदलत असेल. प्रधान मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"बदलत असेल, म्हणजे? बदलत होती की नव्हती?"

"ते वहीत नाहीये."

"वहीत नाही, पण वही लिहिणारा माणूस तुझ्याच घरात आहे ना? त्यांना विचारलंस?"

ऋतिकाने कप खाली ठेवला. तिने वह्या मागितल्या होत्या, वह्यांवर हळद-कुंकूसुद्धा वाहिलं होतं, आजोबांचा फोटो प्रबंधाच्या पहिल्या पानावर घातला होता. त्यांना विचारलं मात्र काहीच नव्हतं. ज्याचं नाव लाटेला दिलं त्याला दोन प्रश्न विचारावेत, हे सहा वर्षं शिकलेल्या मुलीला सुचू नये याची तिला लाज वाटली.

"आज विचारते," ती म्हणाली.

*

पंढरी नेहमीप्रमाणे गॅलरीत होता. समोर खाडी, तिच्यावरचे पूल, आणि जिथे मिठागरं होती तिथे वाढलेली तिवरांची झाडी. ऋतिका खाली बसली.

"आजा, उघाडी तू कधी उघडायचास? पुनवेला वेगळ्या टायमाला, अवसेला वेगळ्या?"

"उधान दोनी टायमाला," पंढरी म्हणाला. "अवसंला पन नि पुनवंला पन. उघाडी तीच, पानी तेच."

"मग पुनवेनंतर पाणी गरम का व्हायचं?"

पंढरीने चष्मा लावला. मग त्याने विचारलं, "चौऱ्याहत्तरची वही हाय का गो?"

तिने ती आणली. पंढरीने थुंकी लावून पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. चैत्र वद्य पंचमी, पाणी एकतीस. आणि शेजारी समासात, बारीक अक्षरात, मुलगा झाला.

"यो तुझा बाप," पंढरी म्हणाला. "आता बग तुझे कंप्युटरमधी, यो दिस कवा आला?"

ऋतिकाने पाहिलं. तेरा मार्च. तिला हसू आलं, कारण कमलेशचा वाढदिवस एक जूनला असतो आणि त्याचाही फ्लेक्स लागतो. गावातल्या त्या वयाच्या निम्म्या पुरुषांचा वाढदिवस एक जूनच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख सगळ्यांना वाटली. पण पंढरी हसत नव्हता.

"हनुमान जयंती झाली, पालखी झाली, त्याचे पाचवे दिवशी तुझा बाप. मना पक्का याद हाय, पालखीचा मांडव अजून सोरला नव्हता. नि पाडवा त्याचे पन आधी पंधरा दिस. तुझा कंप्युटर काय बोलतो, पाडवा कवा?"

तिने तेही पाहिलं. चोवीस मार्च.

"मग," पंढरी म्हणाला, "पाडव्याचे आधी चैत कुठला गो?"

ऋतिकाला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. पाडवा म्हणजे चैत्राचा पहिला दिवस. चैत्रातला कुठलाही दिवस पाडव्यानंतरच यायला हवा. तिच्या संगणकात तो अकरा दिवस आधी आला होता.

त्यांच्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर उत्तरेकडचे मिश्रा राहतात. ते दरवर्षी आपल्या पंधरा दिवस आधी श्रावण सुरू करतात, आणि कमलेश दरवर्षी म्हणतो, यांना घाई फार. घाई नाही. त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्षाला ते पुढच्या महिन्याचं नाव देतात. आपला चैत्र वद्य म्हणजे त्यांचा वैशाख, आणि त्यांचा चैत्र वद्य पाडव्याआधीच होऊन जातो. प्रोग्रॅम लिहिणारा तिकडचा कोणी भला माणूस होता, आणि त्याने तो त्याच्या पंचांगाप्रमाणे अगदी बरोबर लिहिला होता. चूक त्याची नव्हतीच. ठाण्याच्या मुकादमाची तिथी त्याला विचारायला गेली ती ऋतिका.

म्हणजे बावीस वर्षांचे सगळे वद्य पक्ष एकेक महिना मागे सरकले होते. एप्रिलचं गरम पाणी मार्चमध्ये येऊन बसलं होतं. शुद्ध पक्ष जागेवर, वद्य पक्ष महिनाभर आधी. मग पंधरा दिवस थंड, पंधरा दिवस गरम दिसणार नाहीतर काय होणार?

दुपारी चारच्या उन्हात गॅलरीतच बसून तिने आपल्या पद्धतीचं पंचांग लावून सगळं पुन्हा चालवलं. वीस मिनिटं लागली. लाट नव्हती. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हळूहळू चढत जाणारी एक साधी रेघ होती, आणि संगणकातल्या समुद्राची रेघ तिच्या कडेकडेने चालली होती. मॉडेल पहिल्यापासून खरं सांगत होतं.

"आजा, तुला माहीत होतं? तू तेव्हा 'असंल' म्हणालास."

"मना त्यातला काय समजतंय," पंढरी खाडीकडे बघत म्हणाला. "नि तू इचारलंस कुठं?"

*

कमलेशला हे जेवताना सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न असा, की मग आता त्याची रास बदलणार का. दुसरा प्रश्न मात्र गंभीर होता.

"हे कोणाला कळणारे?"

"पप्पा, मला कळलंय ना."

"अगं तसं नाय. समितीतल्या लोकांना तिथी-बिथी काय माहीत? दोन वर्षं तुझ्या मॅडमना नाय कळलं. आधी पदवी घे, मग सावकाश दुरुस्त कर. फ्लेक्स लागलाय, पोरी. लोक मला नाक्यावर विचारतात, लाट कुठपर्यंत आली म्हणून."

कमलेश वाईट माणूस नाही. आपली मुलगी डॉक्टर व्हावी आणि आपल्या बापाचं नाव समुद्राला लागावं एवढंच त्याला हवं होतं, आणि दोन्ही गोष्टी दहा दिवसांवर आल्या होत्या. ऋतिकालाही मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिने दोन दिवस मॅडमना काही सांगितलं नाही. खरंच कोणाला कळलं नसतं. पण लॅपटॉप उघडला की तिला ती जुनी लाट दिसायची, आणि आता तिच्यात समुद्र दिसत नव्हता, स्वतःचा उतावीळपणा दिसत होता. संगणकातल्या समुद्रावर जगाने विश्वास ठेवावा असं ती सहा वर्षं सांगत होती. त्यात स्वतःच्या हाताने खोटी लाट सोडायची, तर मग कशाला केलं हे सगळं?

तिसऱ्या दिवशी ती नौपाड्याला गेली आणि प्रधान मॅडमना सगळं सांगितलं. पाडवा, मिश्रा, तेरा मार्च, सगळं. मॅडम रागावतील म्हणून ती मान खाली घालून बोलत होती. बोलून झाल्यावर तिने वर पाहिलं. मॅडमनी चष्मा काढून ठेवला होता.

"मी सदतीस वर्षं संकष्टी करते," त्या म्हणाल्या. "दर महिन्याची वद्य चतुर्थी. चंद्र बघितल्याशिवाय पाणी पीत नाही. आणि माझ्यापुढे दोन वर्षं वद्य पक्ष चुकीच्या महिन्यात पडलेत, ते मला दिसले नाहीत. चूक तुझ्या एकटीची नाही, ऋतिका. समितीला सांगताना मीही तुझ्या शेजारी उभी राहीन."

ऋतिकाला रडू आलं. मॅडमनी तिला रडू दिलं आणि मग पोहे खायला लावले.

*

समितीपुढे तिने पहिल्याच चित्रात ती लाट दाखवली आणि दुसऱ्या चित्रात ती का खोटी आहे ते. समितीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, की एवढ्या प्रामाणिकपणे आपलंच प्रकरण पाडणारा विद्यार्थी त्यांनी फार दिवसांत पाहिला नाही. असं म्हणून त्यांनी ते प्रकरण नव्याने लिहायला सांगितलं. कौतुक केलं म्हणजे सोडतात असं थोडंच आहे. सहा महिन्यांची मुदत मागावी लागली, मॅडमनी स्वतः जाऊन ती मिळवली. पदवी दिवाळीच्या पलीकडे गेली. आणि नव्या प्रकरणात शोध असा काही उरला नाही. जुन्या काळचं काठाचं पाणी किती गरम होतं, ते मॉडेल बरोबर सांगतं, एवढंच. अशा गोष्टीला कोणी कोणाचं नाव देत नाही.

कमलेशने फ्लेक्स एका सकाळी स्वतःच उतरवला. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, नवीन लावायचाय. तो फ्लेक्स गच्चीवर गेला, आणि ऋतिकाच्या आईने तो पालथा घालून त्यावर सुकट वाळत टाकली.

राहिला पंढरी. लाट गेली हे त्याला माहीत होतं, पण नाव गेलं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तेच सांगायचं ऋतिकाच्या जिवावर आलं होतं. शेवटी ती गॅलरीत जाऊन बसली.

"आजा, तुझं नाव आता लागणार नाही रे लाटेला. लाटच नाही."

"मना ठाव हाय."

"वाईट वाटलं?"

खाली खाडीला ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता.

"तुना खरा सांगू?" तो म्हणाला. "तू ती लाट दाखवलीस ना, तवाच मना कळला, यो खोटा हाय. बावीस वरसं त्या पान्यात उभा राहिलो मी. पुनवंला पानी दीड डिग्री तापलं असता तर पायाला कळलं नसता काय?"

"मग बोलला का नाहीस? मी विचारलं नाही म्हणून?"

"ते पन. पन नाव बरा वाटला गो." त्याने मान फिरवून तिच्याकडे पाहिलं. "मिठागर गेला, उघाडी गेली, नाक्यावरचे पोरांना मीठ कुठं व्हता ते पन ठाव नाय. मी बोललो, लागू दे नाव. दर्याला काय फरक पडतंय. तुना पडंल, ते माझे मनात नाय आला. चूक झाली माझी."

ऋतिकाने त्याचा हात धरला. खाऱ्या पाण्याने भेगाळलेला तो हात मीठ सोडून चाळीस वर्षं होत आली तरी तसाच होता. तिला त्याचा राग येत नव्हता. तिला एवढंच वाटत होतं, की लाट नसताना या माणसाला कोणी काही विचारलंच नाही, तिनेही नाही.

"आजा, आता विचारते," ती म्हणाली. "पहिल्यापासून. सगळं."

तेव्हापासून रोज सकाळी दोघं एकेक वही घेऊन बसू लागली. थर्मामीटर किती खोल बुडवायचास? बादलीत पाणी काढून की थेट उघाडीत? सूर्य किती वर आल्यावर? पंढरीला सगळं आठवत होतं. बादली पहिली दोन वर्षं, मग थेट. थर्मामीटर एकदा फुटला, नवा आला तो अर्धा अंश जास्त दाखवायचा, ते त्याने त्या वर्षीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. ऋतिका लिहून घेत होती, आणि एकेक गोष्टीबरोबर तिचं प्रकरण सरळ होत होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा चौऱ्याहत्तरची वही निघाली. मुलगा झाला, त्या ओळीच्या अगदी वर, चैत्र वद्य चतुर्थीपुढे, आकडा नव्हता. नुसत्या रेघा होत्या. तीन लांब आणि एक आखूड.

"आणि ह्या हजेरीच्या रेघा कोणाच्या?" ऋतिकाने विचारलं. "अशी पुष्कळ पानं आहेत. मी ते दिवस सोडून दिलेत."

"हजेरीच्या नाय त्या," पंढरी म्हणाला. "तुझे आजीच्या."

बायजा जाऊन सोळा वर्षं झाली होती. ऋतिकाला ती आठवत होती ती भाकरी थापणारी, आणि कागदावर सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करणारी.

"मी मीठ घेऊन कल्यानला जायचो, नायतर ताप यायचा, तवा ती जायची उघाडीवर. अक्षर येत नव्हता तिला. पन थर्मामीटरच्या दहाच्या रेघा मोठ्या नि एकेकाच्या बारक्या, त्या तिला दिसायच्या. दहाला लांब रेघ, एकाला आखूड. मी बोललो, नको जाऊ, एक दिस नाय लिवला तर काय मरतंय. ती बोलली, मालक इचारंल." त्याने त्या रेघांवरून बोट फिरवलं. "यो दिस तर तुझा बाप तिचे पोटात व्हता. दुसरे दिवशी झाला. तवा पन गेली."

दिवस भरलेली बाई बांधावरून चालत उघाडीपर्यंत गेली होती, वाकून पाण्यात थर्मामीटर धरला होता आणि दिसलं तसं लिहून ठेवलं होतं. पन्नास वर्षांनी तिच्या शिकलेल्या नातीने त्यापुढे 'नोंद नाही' असं लिहिलं होतं. ऋतिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि पंढरी तिच्या पाठीवर थोपटत राहिला.

मग तिने डोळे पुसले आणि लॅपटॉप उघडला. सोडून दिलेले दिवस मोजले. बावीस वर्षांत तीनशे अठरा. एकेक पान काढून ती रेघा मोजू लागली, पंढरी चष्मा लावून पडताळू लागला.

प्रत्येक नोंदीपुढे मोजणाऱ्याचं नाव लिहायचा एक रकाना असतो. आजवर तिने तो रिकामाच ठेवला होता. सुरुवात तिने त्या एका दिवसापासून केली. चैत्र वद्य चतुर्थी, म्हणजे दहा एप्रिल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. पाणी एकतीस. निरीक्षक, बायजा पंढरी मढवी.

"वाचून दाखव," पंढरी म्हणाला.

तिने वाचून दाखवलं.

"पुन्ना एकदा वाच."